काइटबोर्डिंग : नवशिक्यासाठी पतंगाचे सुरक्षित आकारमान

काइटबोर्डिंग हा वाऱ्याच्या बळावर चालणारा जलक्रीडाप्रकार आहे. खेळाडू फळीवर पाय रोवून उभा राहतो आणि आकाशात उडणारा मोठा पतंग त्याला पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढत नेतो. पतंगाच्या साधारण २० ते २४ मीटर लांबीच्या दोऱ्या एका आडव्या नियंत्रणदांड्याला बांधलेल्या असतात आणि तो दांडा खेळाडूच्या कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, अडकवलेला असतो. त्यामुळे मुख्य ओढ कमरेवर येते व हात दिशा देण्यासाठी मोकळे राहतात. पतंगाचे आकारमान चौरस मीटरमध्ये सांगितले जाते आणि ते कापडावर ठळक अंकांत छापलेले असते. ५, ७, ९, १२ आणि १४ ही त्यांतील नेहमी आढळणारी मापे होत.

यांपैकी आपले माप कोणते, हा प्रत्येक नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो. त्याच्या उत्तरात खेळाडूचे वजन, वाऱ्याचा वेग, पतंगाचा प्रकार, फळीची लांबी, जागेची घडण आणि स्वतःचे कौशल्य अशा अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात. तथापि त्या सर्व सारख्या तोलाच्या नाहीत. वारा हा घटक इतरांहून फार प्रबळ आहे. म्हणून नवशिक्याने माप ठरवताना वाऱ्याच्या सरासरी वेगावर न विसंबता त्या दिवशी येऊ शकणारा सर्वांत जोरदार झोत हिशेबात धरावा, असे प्रतिपादन या लेखात केले आहे. त्यामागील कारण गणिती आहे.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सागरी वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. १० चौरस मीटरचा पतंग घेतला, हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली आणि बलाचा गुणांक सोयीसाठी १ मानला, तर १५ नॉट वाऱ्यात सुमारे ३६ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ निर्माण होते. वारा २१ नॉट झाला की तीच ओढ सुमारे ७१ किलोग्रॅम होते, म्हणजे मध्यम बांध्याच्या प्रौढ माणसाच्या वजनाएवढी. ३० नॉटला ती १४६ किलोग्रॅमच्या घरात जाते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला १५ आणि २१ हे दोन्ही वारे नुसते ‘चांगले’ वाटतात. पतंगाच्या दृष्टीने त्यांत दुपटीचे अंतर असते. क्षेत्रफळाचा परिणाम मात्र सरळ प्रमाणात होतो. ९ ऐवजी १२ चौरस मीटरचा पतंग घेतल्यास ओढ एकतृतीयांशाने वाढते. मापातील चूक अशी एकपटीने भोवते आणि वाऱ्याच्या अंदाजातील चूक वर्गाने भोवते.

वरील हिशेब स्थिर पतंगाचा आहे. पतंग आकाशात सरकू लागला की प्रत्यक्ष वाऱ्यात त्याच्या स्वतःच्या गतीमुळे लागणाऱ्या वाऱ्याची भर पडते. या दोहोंच्या संयोगाला सापेक्ष वारा म्हणतात, आणि ओढ त्याच्या वर्गाप्रमाणे ठरते. खेळाडूने वाऱ्याकडे पाठ केली असता त्याच्यासमोर पाव गोलाच्या आकाराचे जे अवकाश पतंगाला उपलब्ध असते, त्याला पवनगवाक्ष असे नाव देता येईल; खेळाडूंमध्ये ते विंड विंडो म्हणून ओळखले जाते. या गवाक्षाच्या कडांवर आणि माथ्यावर ओढ कमी असते, तर समोरच्या मध्यभागी ती सर्वाधिक असते. कसलेला खेळाडू पतंग हवा तेव्हाच मध्यभागातून नेतो. नवशिक्याचा पतंग तेथे नकळत घसरतो. त्यातच घाबरलेला माणूस हातातील वस्तू घट्ट धरून छातीकडे ओढतो, ही मानवी शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. दांडा जवळ ओढला गेला की पतंगाची मागची कड खेचली जाते, वाऱ्याशी होणारा त्याचा कोन वाढतो आणि ओढ आणखी वाढते. म्हणूनच संकटसमयी दांडा सोडून देणे हा या शिक्षणातील पहिला धडा आहे. नवशिक्याचा पतंग तज्ज्ञाच्या पतंगापेक्षा लहान का असावा, याचेही मूळ येथेच आहे. त्याच्या चुका पतंगाला अनावश्यक वेग देतात आणि तो वेग मापात भर पडल्यासारखाच परिणाम करतो.

पतंगाने वाहन ओढण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळवले. सॅम्युअल कोडी यांनी १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या लहानशा नावेतून इंग्लिश खाडी ओलांडली. आजच्या खेळाचा पाया मात्र फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या बंधूंनी घातला. त्यांनी १९८४ मध्ये एकस्वासाठी नोंदवलेल्या पतंगाच्या पुढच्या कडेत व आडव्या फासळ्यांत हवा भरलेल्या नळ्या होत्या. त्यामुळे तो पाण्यात पडला तरी तरंगत राही व तेथूनच पुन्हा उडवता येई. ‘विपिका’ या नावाने तो १९९७ पासून विक्रीस आला. त्याच दशकात अमेरिकेत कोलंबिया नदीच्या घळईत बिल व कोरी रोसलर हे पितापुत्र पतंगाने ओढल्या जाणाऱ्या पाण्यावरच्या स्कीचे प्रयोग करीत होते.

आकारमानाच्या दृष्टीने या इतिहासातील महत्त्वाचे वर्ष २००५ हे आहे. त्यापूर्वीचे पतंग इंग्रजी सी अक्षरासारखे खोल वाकलेले असत आणि दांडा दूर लोटूनही त्यांची ओढ फारशी कमी होत नसे. चुकीच्या मापाचा सी-पतंग घेऊन पाण्यात उतरलेल्या माणसाला ती चूक सुधारण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता. २००५ च्या सुमारास ब्रुनो लगेन्यू यांच्याच संशोधनातून बो-पतंग बाजारात आला. तो अधिक सपाट असून त्याच्या पुढच्या कडेला आधाराच्या दोऱ्यांचे जाळे असते. दांडा पूर्ण दूर सोडला की तो वाऱ्याशी जवळजवळ समांतर होतो आणि ओढ बरीचशी गळून पडते. या गुणाला शक्तिन्यूनन म्हणता येईल. खेळाडू त्याला डीपॉवर म्हणतात. डेल्टा आणि हायब्रिड या नंतरच्या जातींत हाच गुण कमीअधिक प्रमाणात उतरला आहे. प्रशिक्षणकेंद्रांत आज बहुधा याच जाती वापरल्या जातात व तेच योग्य आहे.

पतंगावर छापलेला अंक हा तो जमिनीवर सपाट पसरला असतानाच्या क्षेत्रफळाचा असतो. हवेत तो वाकतो आणि वाऱ्याला सामोरे जाणारे त्याचे प्रक्षिप्त क्षेत्रफळ त्याहून कमी भरते. सी-पतंगात ही घट मोठी, तर बो-पतंगात कमी असते. साहजिकच १२ अंक असलेले दोन पतंग सारखेच ओढतील असे नाही. कप्प्यांत वारा भरून फुगणारे, पंखासारखे लांब फॉइल पतंग तर त्याच मापात आणखी कार्यक्षम असतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाच्या शर्यती प्रथमच झाल्या. मार्सेयच्या समुद्रात झालेल्या त्या स्पर्धांत हलक्या वाऱ्यासाठी २० चौरस मीटरहून मोठे फॉइल पतंग खेळाडूंनी वापरले. त्यावरून नवशिक्याने स्वतःच्या मापाविषयी काहीही अनुमान काढू नये. त्या पतंगांची जात, त्यांखालची पाण्याबाहेर उचलली जाणारी फळी आणि ते हाताळणारे हात, सर्वच वेगळे असतात.

माप काढण्याचा एक प्रचलित ठोकताळा असा : किलोग्रॅममधील वजनाला २.२ ने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला नॉटमधील वाऱ्याच्या वेगाने भागावे. ७० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीसाठी १२ नॉटला सुमारे १३, १५ नॉटला १० आणि १८ नॉटला साडेआठ चौरस मीटर असे उत्तर मिळते. वजनाचा फरक येथे स्पष्ट दिसतो. १५ नॉट वाऱ्यात ८५ किलोग्रॅम वजनाच्या पुरुषाला साडेबारा चौरस मीटर लागतात, तर ५२ किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीला साडेसात पुरेसे होतात. एकाच पतंगावर सर्व कुटुंबाने शिकण्याचा काटकसरी बेत म्हणूनच सोडून द्यावा. दुकानांतील व उत्पादकांच्या तक्त्यांतील आकडेही बहुधा ७५ ते ८० किलोग्रॅम वजनाचा, सरावलेला खेळाडू समोर ठेवून दिलेले असतात. हलक्या व्यक्तीने ते जसेच्या तसे स्वीकारू नयेत.

या ठोकताळ्यात एक मर्यादा दडलेली आहे आणि तिची चर्चा पुरेशी होत नाही. सूत्रानुसार वारा दुप्पट झाला की पतंग निम्मा होतो, पण दाब मात्र चौपट झालेला असतो. म्हणजे १५ नॉटला १० चा आणि ३० नॉटला ५ चा पतंग, दोन्ही सूत्राप्रमाणे ‘बरोबर’ असूनही, दुसऱ्या प्रसंगी अंगावर येणारी ओढ पहिल्याच्या दुप्पट असते. तज्ज्ञाला ती हवीच असते. उंच उडीसाठी तो तिचा उपयोग करतो. नवशिक्याने मात्र या सूत्राचा अवलंब १२ ते १८ नॉट एवढ्या पट्ट्यातच करावा. जोरदार वाऱ्यात लहान पतंग घेऊन शिकता येईल, ही समजूत धोक्याची आहे. लहान पतंग अधिक चपळ असतो, दांड्याच्या अल्पशा हालचालीने तो गवाक्षभर फिरतो आणि चूक दुरुस्त करण्यास मिळणारा अवधी कमी होतो.

आता झोताचा विचार करू. हवामानाच्या अंदाजात सरासरी वेग आणि झोतांचा वेग असे दोन आकडे दिलेले असतात. नवशिक्याने दोन्ही आकडे सूत्रात घालून पाहावेत. ७० किलोग्रॅम वजनासाठी सरासरी १४ आणि झोत १७ असतील, तर उत्तरे अनुक्रमे ११ आणि ९ येतात. अशा वेळी ९ चा पतंग घ्यावा, थोडी ओढ कमी पडली तरी चालेल. सरासरी १४ आणि झोत २१ असतील, तर उत्तरे ११ आणि ७ येतात. येथे ७ चा पतंग सरासरी वाऱ्यात धड उडणार नाही आणि ११ चा पतंग झोतात माणसाला उचलून नेईल. दोन उत्तरांत बाजारातल्या एका मापाहून अधिक अंतर पडले, तर तो दिवस नवशिक्याचा नाही असे समजावे, हा आमच्या मते सर्वांत विश्वासार्ह निकष होय. त्या दिवशी योग्य असे माप अस्तित्वातच नसते.

अंदाजाचे आकडे वाचताना दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली उंचीची. हवामानशास्त्रात वाऱ्याचा वेग १० मीटर उंचीवरील धरण्याची पद्धत आहे. हातातील वेगमापक सुमारे दोन मीटरवर मोजतो आणि पतंग २० मीटरच्या आसपास उडतो. जमिनीपासून वर जावे तसा वारा वाढतो, म्हणून हातातील यंत्र नेहमी कमीच सांगते. दुसरी सावधगिरी एककाची. भारतीय हवामान विभागाचे मच्छीमारांसाठीचे इशारे ताशी किलोमीटरमध्ये असतात. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर म्हणजे २४ ते ३० नॉट. असा इशारा लागू असताना आपल्याकडे कोणते माप आहे, हा प्रश्न नवशिक्याने मनात आणू नये. यंत्र नसेल तेव्हा समुद्राकडे पाहून बोफर्ट श्रेणीचा आधार घेता येतो. चौथ्या श्रेणीत, म्हणजे ११ ते १६ नॉटला, लाटांच्या माथ्यांवर पांढरा फेस वारंवार दिसतो. पाचवीत, १७ ते २१ नॉटला, समुद्रभर फेसाळ माथे दिसून तुषार उडू लागतात. उथळ खाजणात किंवा जमिनीच्या आडोशाच्या पाण्यात लाटाच उठत नसल्याने तेथे ही खूण फसवी ठरते.

हवेच्या तापमानाचाही थोडा वाटा असतो. शून्य अंश सेल्सिअसला हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२९ किलोग्रॅम, तर ३० अंशाला १.१६ असते. थंड प्रदेशातील १५ नॉट वारा कोकणातल्या १५ नॉटपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक ओढतो. परदेशी तक्ते पाहताना एवढे ध्यानात असावे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे ठिकाण गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोरजी हे आहे. शापोरा नदीच्या मुखाजवळचा हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. पावसाळा सरल्यावर, विशेषतः हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, दुपारी जमीन तापली की येथे समुद्राकडून खारा वारा सुटतो. तो बहुधा वायव्येकडून, म्हणजे किनाऱ्याला तिरका येतो. पडलेला नवशिक्या हळूहळू किनाऱ्याकडेच ढकलला जातो, हा या दिशेचा मोठा लाभ. वारा मध्यम असतो, अनेकदा १० ते १५ नॉट, म्हणून येथे १२ किंवा त्याहून मोठे पतंग अधिक दिसतात. सकाळी वाहणारा मतलई वारा मात्र जमिनीकडून समुद्राकडे जातो. तो कितीही सौम्य असला, तरी कोणत्याही मापाच्या पतंगाने नवशिक्याने त्यात उतरू नये. पतंग पाण्यात पडला तर परतीची वाट उरत नाही. मोरजी हे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचेही ठिकाण आहे. घरट्यांसाठी राखलेल्या कुंपणाजवळ पतंग पसरणे किंवा उतरवणे सर्वथा टाळले पाहिजे.

तमिळनाडूतील रामेश्वरमची घडण अगदी निराळी आहे. पांबन बेटाच्या उत्तरेस पाल्कची सामुद्रधुनी व उपसागर, दक्षिणेस मन्नारचे आखात, आणि धनुष्कोडीकडे जाणारी जमिनीची चिंचोळी पट्टी. उन्हाळ्यात नैऋत्येकडून आणि हिवाळ्यात ईशान्येकडून वारा येतो, त्यामुळे दोन्ही ऋतूंत कोणत्या ना कोणत्या बाजूला उथळ व सपाट पाणी मिळते. वारा गोव्याहून जोरदार व अधिक सलग असतो. मोरजीत १२ च्या पतंगावर शिकलेल्या ७० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीला येथे बहुधा ९, कधी ७ घ्यावा लागतो. गोव्यातून थेट येथे येणाऱ्यांनी आपले ‘नेहमीचे माप’ विसरून नव्याने हिशेब मांडावा.

स्पेनच्या दक्षिण टोकावरील तारिफा येथे एकाच गावाला दोन वारे आहेत. अटलांटिककडून येणारा पोनियेंते हा पश्चिमवारा तुलनेने सौम्य व एकसंध असतो. भूमध्य समुद्राकडून येणारा लेव्हांते जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत दाटून वेग घेतो, कित्येकदा ३० नॉटच्या वर जातो आणि झोतांनी खंडित असतो. तेथील निम्मे शिक्षण कोणत्या दिवशी किनाऱ्यावरच बसावे हे कळण्यात आहे.

आपल्याकडे लेव्हांतेची जागा वळीव घेतो. एप्रिल–मे महिन्यांत, तसेच पावसाळा परतत असताना, दुपारनंतर उभे वाढलेले गडगडाटी ढग कोसळू लागले की त्यांतून खाली आलेली थंड हवा चहूकडे पसरते आणि पावसाच्या आधीच चंडवात येऊन थडकतो. १२ नॉट वारा काही मिनिटांत ३६ नॉट झाला, तर ओढ नऊपट होते. १२ चौरस मीटरचा पतंग डोक्यावर असलेल्या माणसाला अशा वेळी कोणतेही शक्तिन्यूनन पुरत नाही. क्षितिजावर काळा ढग वाढताना दिसला, वारा एकाएकी पडला किंवा त्याने दिशा बदलली, की पतंग तत्काळ उतरवून त्यातील हवा काढावी. गंभीर अपघातांत माणूस किनाऱ्याजवळ उचलला जाऊन झाड, दगड किंवा भिंत यांवर आदळणे हा वारंवार आढळणारा प्रकार आहे. त्यासाठी वारा जिकडे वाहतो त्या बाजूला दोऱ्यांच्या किमान दुप्पट, म्हणजे सुमारे ५० मीटर, मोकळी जागा असावी असे सांगितले जाते. जागा याहून कमी असेल तर माप लहान केल्याने ती उणीव भरून निघत नाही.

अतिलहान पतंगही निर्धोक नसतो, हे येथे नमूद करणे न्याय्य होईल. वारा अपुरा असला की तो माथ्यावर स्थिर राहत नाही, मागे घसरून पडतो आणि पाण्यातून पुन्हा उचलला जात नाही. खेळाडू प्रवाहात वाहत जातो, दोऱ्या गुंततात आणि खोल पाण्यात दमछाक होते. परंतु या दोन धोक्यांची तुलना करायची झाल्यास, कमी ओढीमुळे होणाऱ्या घटना सावकाश घडतात व विचाराला वेळ देतात. जास्त ओढीच्या घटना सेकंदांत संपतात. दोन मापांत निर्णय होत नसेल तर लहान माप घ्यावे, या रूढ सल्ल्याचे समर्थन हेच.

लहान पतंगाची उणीव फळीने बरीचशी भरून काढता येते. सुमारे १४० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब व रुंद फळी पाण्यावर लवकर तरते, तिला कमी ओढ पुरते. अनेकदा फळीवर उभे राहता येत नाही म्हणून नवशिक्या मोठ्या पतंगाची मागणी करतो. त्याला हवी असते ती मोठी फळी. जमिनीवर २ ते ३ चौरस मीटरच्या सरावपतंगाने हात बसवून घेतल्यास ही मागणी आणखी कमी होते.

माप चुकले आहे हे पाण्यातही ओळखता येते. दांडा पूर्ण दूर लोटूनही ओढ थांबत नाही, फळीची कड पाण्यात रोवता येत नाही, शरीर वाऱ्याच्या दिशेने फरपटत जाते किंवा माथ्यावरचा पतंग पायांना वाळूवरून हलके करतो, या लक्षणांपैकी एक दिसले तरी पतंग मोठा आहे. शेवटचे लक्षण किनाऱ्यावरच दिसते, आणि तेथून एक पाऊलही पुढे जाऊ नये. आसपासच्या खेळाडूंना ते कोणते माप वापरत आहेत हे अवश्य विचारावे, पण त्याबरोबर त्यांचे वजन, फळी आणि अनुभवही विचारावा.

खरेदीच्या वेळी नवशिक्याने दोन पतंगांची जोडी डोळ्यांसमोर ठेवावी. ७० किलोग्रॅम वजनासाठी गोव्यात १२ आणि ९, रामेश्वरमसाठी ९ आणि ७ अशी जोडी बहुतेक दिवस सांभाळते. सुरुवातीस त्यांतील लहानच घ्यावा. वापरलेले पतंग स्वस्तात मिळतात व त्यांत गैर काही नाही; मात्र २००५ पूर्वीचे सी-पतंग, अंक कितीही योग्य असला तरी, नवशिक्याने घेऊ नयेत. संकटात पतंग एका झटक्यात निःशक्त करणारी मोचनकळ, म्हणजे क्विक रिलीज, दाबून पाहावी. वाळू व मीठ साचून ती अडखळत असेल, तर ती बदलेपर्यंत तो संच पाण्यात नेऊ नये. कळ सुटल्यावर पतंग एकाच दोरीवर निपचित पडतो किंवा नाही, हेही खात्रीच्या प्रशिक्षकासमोर आणि १२ नॉटच्या आतील वाऱ्यात तपासून घ्यावे.